चोखण्याच्या सवयी व दातांची मिळणी

अंगठा, बोटे, ओठ, कपड्याचे टोक किंवा रबरी चोखणी अन्न मिळविण्याचा हेतू नसताना वारंवार तोंडात धरून चोखण्याची लहान मुलांची सवय आणि तिचा वरच्या व खालच्या दातांच्या परस्परसंबंधावर होणारा परिणाम. तोंड मिटले असता दोन्ही जबड्यांतील दात ज्या रीतीने एकमेकांवर बसतात, तिला दातांची मिळणी असे म्हणतात. मिळणी केवळ जबड्यांच्या आनुवंशिक आकारावर अवलंबून नसते. दात हिरडीतून वर येत असताना आणि आल्यानंतरही जीभ, ओठ व गाल यांचा त्यांवर सतत पडणारा सौम्य दाब हा तिचा दुसरा आधार होय. चोखण्याच्या सवयीने हा दाबांचा समतोल दीर्घकाळ बिघडतो व त्याबरोबर दातांच्या जागाही बदलतात. मात्र अंगठा चोखणाऱ्या प्रत्येक मुलाचे दात पुढे येतातच असे नाही. सवय किती वयापर्यंत टिकते आणि दिवसाच्या चोवीस तासांतील किती तास ती चालू असते, या दोन गोष्टींवर परिणाम ठरतो.

चोखणे ही नवजात बालकाची जन्मजात प्रतिक्षेपी क्रिया आहे. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने घेतलेल्या चित्रांत सु. पंधराव्या आठवड्याचा गर्भही अंगठा तोंडात घालताना दिसतो. जन्मानंतर गालास किंवा ओठास स्पर्श होताच बालक त्या बाजूस तोंड वळविते आणि जे ओठांत येईल ते चोखू लागते. यातून पोषण तर मिळतेच, शिवाय बालक शांत होते. भूक नसतानाही झोप येताना, भीती वाटताना किंवा एकटेपणात ते अंगठ्याकडे वळते, याचे कारण हेच. या क्रियेच्या स्वाभाविकतेची जाण भारतीय कथापरंपरेत जुनी आहे. प्रलयजलात वटपत्रावर पहुडलेला, स्वतःच्या पायाचा अंगठा चोखणारा बालमुकुंद सर्वांच्या परिचयाचा आहे. महाभारतातील मांधात्याच्या कथेत पित्याच्या कुशीतून जन्मलेल्या, त्यामुळे स्तनपान न लाभणाऱ्या बालकाच्या तोंडात इंद्राने आपली तर्जनी दिली व ती चोखून ते वाढले. त्याचे नावही या प्रसंगावरूनच पडल्याचे सांगितले आहे.

पहिल्या वर्षात बहुसंख्य मुले काही ना काही चोखतात. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेकांची सवय आपोआप सुटते. चालणे, बोलणे व सवंगड्यांबरोबर खेळणे यांत हात आणि मन गुंतले की तिची गरज उरत नाही. काही थोड्या मुलांत ती शाळेच्या वयापर्यंत, क्वचित त्याही पुढे टिकते. दंतवैद्यकास मुख्यत्वे या मुलांचाच विचार करावा लागतो.

स्वाभाविक मिळणी : दुधाचे दात साधारणपणे सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात व अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायम दाढ येते. सहा ते आठ या वर्षांत पुढचे दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे पटाशीचे दात (कृंतक) येतात. स्वाभाविक मिळणीत वरची दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा किंचित मोठी असून, डब्याचे झाकण डब्यावर बसावे तशी ती सर्व बाजूंनी खालच्या कमानीच्या बाहेर बसते. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या पुढे सु. २ ते ३ मिमी. असतात व त्यांचा वरचा थोडा भाग झाकतात. दाढांच्या बाबतीत वरच्या दाढांचे बाहेरील उंचवटे खालच्या दाढांच्या बाहेर येतात. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या व खालच्या पहिल्या कायम दाढांच्या परस्परसंबंधावरून विषम मिळणीचे तीन वर्ग केले. ते वर्गीकरण आजही वापरात आहे.

परिणाम कसा घडतो : दात हाडात खिळ्याप्रमाणे ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि त्याभोवतालचे हाड यांमध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्याच्या आधाराने दात जणू टांगलेला असतो. एका बाजूने दाब टिकून राहिला म्हणजे दाबाच्या बाजूचे हाड झिजते, विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. दात सरळ करण्यासाठी वापरली जाणारी तारांची साधने याच तत्त्वावर चालतात. अंगठाही एका अर्थाने असे साधनच होय, मात्र ते उलट्या दिशेने चालते.

येथे दाबाच्या जोरापेक्षा त्याचा कालावधी महत्त्वाचा ठरतो. सुपारी फोडताना किंवा कडक पदार्थ चावताना दातांवर फार मोठा भार पडतो. तो क्षणभर टिकतो व दात जागचा हलत नाही. याउलट अगदी हलका दाब रोज काही तास राहिला, तर दात सरकतो. अमेरिकन दंतवैद्य विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये दातांच्या जागा ठरविणाऱ्या घटकांचा परामर्श घेताना या कालावधीच्या तत्त्वावर विशेष भर दिला. दिवसाकाठी सु. सहा तासांहून अधिक काळ दाब असल्यास दात हलण्याचा संभव असतो, असे सामान्यतः धरले जाते. यावरून एक कोडे उलगडते. दिवसा अधूनमधून मोठ्याने आवाज करीत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दात जागेवर राहू शकतात आणि रात्रभर अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणाऱ्या, फारसे चोखतही नसलेल्या मुलाचे दात पुढे येतात. पालकांचे लक्ष स्वाभाविकपणे पहिल्या मुलाकडे जाते, काळजी मात्र दुसऱ्याची अधिक करावयास हवी.

अंगठा तोंडात घातला असता त्याचे पेर वरच्या पटाशीच्या दातांच्या मागील बाजूस व टाळूस टेकते आणि हाताचा भार खालच्या दातांवर पडतो. वरचे दात पुढे व वर ढकलले जातात, खालचे आत कलतात. त्याच वेळी अंगठ्यामुळे दोन्ही जबडे किंचित उघडे राहतात. पुढच्या दातांना वाढून एकमेकांजवळ येण्यास जागा नसते, पण दाढांमध्ये अडथळा नसल्याने त्या नेहमीपेक्षा अधिक वर येतात. जबड्याची रचना बिजागरीसारखी असल्यामुळे मागे दाढांची उंची १ मिमी. वाढली, तर पुढच्या दातांमधील अंतर सु. २ मिमी. वाढते. बोटाच्या थेट दाबाने सर्व परिणाम घडतो असा समज आहे, परंतु पुढच्या दातांमधील फटीचा बराचसा भाग दाढांच्या या वाढीतून येतो.

वरच्या कमानीच्या रुंदीवर होणारा परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे, पण तो सहज दिसत नाही. एरवी विश्रांतीच्या वेळी जीभ टाळूस लागून असते आणि वरच्या दाढांना आतून आधार देते. अंगठा तोंडात असताना जीभ खाली दाबली जाते व हा आधार नाहीसा होतो. बाहेरून गालांचे स्नायू मात्र चोखताना अधिक आकुंचन पावतात. त्यांचा दाब तोंडाच्या कोपऱ्याशी सर्वांत जास्त असतो, म्हणून वरची कमान सुळ्यांच्या भागात अरुंद होते. अर्धवर्तुळासारखी गोलसर कमान निमुळती होते व टाळू खोल दिसू लागतो. चोखताना तोंडात निर्माण होणाऱ्या निर्वातामुळे टाळू वर ओढला जातो, हा जुना समज आता मागे पडला आहे.

मिळणीतील विकृती : दीर्घकाळ टिकलेल्या सवयीने मुख्यतः तीन प्रकारचे बदल होतात व ते पुष्कळदा एकत्र आढळतात. पहिला म्हणजे वरचे पटाशीचे दात पुढे येणे व त्यांत फटी पडणे. असे दात ओठांच्या आवरणाबाहेर राहत असल्याने खेळताना पडल्यास ते तुटण्याचा धोका वाढतो. शिवाय खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकू लागतो, त्यामुळे अंगठ्याची सवय सुटल्यानंतरही ओठच दातांना पुढे रेटीत राहतो.

दुसरा बदल म्हणजे उघडी मिळणी. दाढा एकमेकींवर टेकल्या तरी पुढचे दात मिळत नाहीत व त्यांमध्ये लंबगोल फट राहते. अशा मुलास भाकरीचा तुकडा किंवा पेरूचा घास पुढच्या दातांनी तोडता येत नाही. ते पदार्थ तोंडाच्या बाजूस नेऊन दाढांनी तोडते, आणि घरातील जाणत्या स्त्रीच्या लक्षात पुष्कळदा हीच गोष्ट प्रथम येते. गिळताना फट बंद करण्यासाठी जीभ दातांमध्ये पुढे येऊ लागते. जिभेची ही हालचाल पूर्वी उघड्या मिळणीचे कारण समजली जात असे. आता ती बहुतांशी तिचा परिणाम, म्हणजे फटीशी घेतलेले जुळवून, मानली जाते. उच्चारांतही दोष येऊ शकतो. मराठीतील त, थ, द, ध या वर्णांसाठी जिभेचे टोक वरच्या दातांना टेकावे लागते. स आणि ‘चाक’, ‘जाळे’ यांसारख्या शब्दांतील दंत्य च, ज यांच्या उच्चारासाठी हवेचा झोत दातांजवळून अरुंद वाटेने जावा लागतो. फट मोठी असल्यास हे वर्ण बोबडे होतात. सर्वच मुलांत असे घडते असे मात्र नाही, कारण जीभ बरेच सावरून घेते.

तिसरा बदल म्हणजे दाढांची उलट मिळणी. वरची कमान अरुंद झाल्याने तिच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. दोन्ही बाजूंच्या दाढा अशा वेळी टोकावर टोक अशा मिळतात. ते गैरसोयीचे असल्याने मूल तोंड मिटताना खालचा जबडा एका बाजूस सरकविते आणि हनुवटी मध्यरेषेपासून ढळलेली दिसते. हा बदल आपोआप सुधारण्याचा संभव सर्वांत कमी असतो. वाढीच्या वयात जबडा तसाच सरकत राहिला, तर चेहऱ्याची असममिती कायम होऊ शकते. म्हणून दंतवैद्य त्याकडे पुढे आलेल्या दातांपेक्षाही अधिक लक्ष देतात. पालक मात्र बहुधा पुढचे दात दाखविण्यासाठीच मुलाला आणतात.

अंगठ्याने होणारे बदल बहुधा असममित असतात. मूल ज्या हाताचा अंगठा चोखते, त्यानुसार एका बाजूचे दात अधिक पुढे येतात. रबरी चोखणीमुळे पुढच्या दातांमध्ये गोलाकार फट पडते व दाढांची उलट मिळणी अधिक वेळा आढळते. वरचे दात पुढे येण्याचे प्रमाण अंगठ्याच्या सवयीत जास्त असते. चोखणीची सवय सामान्यतः लवकर सुटते, कारण चोखणी मुलापासून दूर ठेवता येते. अंगठ्याच्या बाबतीत तशी सोय नसते.

विषम मिळणीचे खापर प्रत्येक वेळी या सवयींवर फोडणे योग्य नव्हे. जबड्यांचा लहानमोठा आकार आनुवंशिक असतो. नाकातील अडथळ्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांतही कमान अरुंद व दात पुढे असल्याचे चित्र दिसते. दुधाच्या दाढा किडून वेळेपूर्वी काढाव्या लागल्या, तर मागची कायम दाढ पुढे सरकते आणि नव्या दातांना जागा उरत नाही. आपल्याकडे या कारणाची व्याप्ती मोठी असून तिची दखल मात्र कमी घेतली जाते.

संशोधनाचा इतिहास : यूरोपात ही सवय एकोणिसाव्या शतकात वैद्यकाच्या व नीतिशिक्षणाच्या कक्षेत आली. जर्मन वैद्य हाइन्‍रिख होफमान यांच्या १८४५ मधील सुप्रसिद्ध बालपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो. सवयीकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी यावरून कळते. १८७८ मध्ये बॉस्टन येथील टॉमस चँडलर यांनी बालपणी अंगठा चोखणे हे पुढे दात वेडेवाकडे होण्याचे एक कारण असल्याचे प्रतिपादन केले. १८७९ मध्ये हंगेरियन बालरोगतज्ञ लिंडनर यांनी चोखण्याचे बारकाईने निरीक्षण करून त्यामागील सुखसंवेदनेकडे लक्ष वेधले. फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये आपल्या विवेचनात त्याचा आधार घेतला. त्यानंतर बरीच वर्षे अंगठा चोखणे हे दडपलेल्या भावनेचे लक्षण मानण्याकडे कल होता. डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मानसोपचारज्ञांनी निराळा मार्ग धरला. दूध फार लवकर संपल्याने ज्यांना पुरेसे चोखावयास मिळत नाही, ती बालके बोट चोखतात असे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. लवकर रिकाम्या होणाऱ्या बाटलीवर वाढविलेली कुत्र्याची पिल्ले भूक भागल्यावरही इतर वस्तू चोखीत राहतात, असे १९३४ मधील त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. पुढील काळात सवयीला शिकलेले वर्तन मानणारी विचारसरणीही पुढे आली. आज कोणतीही एक उपपत्ती सर्वमान्य नाही. अन्य कोणताही त्रास नसलेल्या मुलाच्या सवयीमागे मनोविकार शोधण्याची गरज नाही, याविषयी मात्र एकमत आहे.

दंतवैद्यकीय अभ्यासांतून सवयीचा कालावधी आणि मिळणी यांचा संबंध अधिकाधिक स्पष्ट झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतरही टिकलेल्या सवयीत विषम मिळणीचे प्रमाण सर्वाधिक होते, हे अपेक्षितच होते. परंतु दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सुटलेल्या सवयीचेही काही परिणाम दुधाच्या दातांत उरलेले आढळले. त्यामुळे ‘कायमचे दात येईपर्यंत थांबावे’ हा जुना सल्ला बदलून, शक्य तर तीन वर्षांच्या सुमारास सवय सुटावी असे आता सुचविले जाते. भारतात या शाखेच्या तज्ञांची संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ मध्ये स्थापन झाली.

स्तनपान, बाटली व चोखणी : स्तनपान करताना बालकास खालचा जबडा पुढे आणून जीभ टाळूवर दाबावी लागते. बाटलीच्या बुचातून दूध थोड्या प्रयत्नाने येते व गालांच्या स्नायूंवर अधिक भर पडतो. दीर्घकाळ स्तनपान केलेल्या मुलांत बोट वा चोखणीची सवय आणि दाढांची उलट मिळणी ही दोन्ही कमी प्रमाणात आढळतात. मूल सतत आईजवळ असते व मागेल तेव्हा त्यास पाजले जाते, अशा समाजांत अंगठा चोखणारी मुले विरळा असतात. पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यापुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात या चळवळीचे महाराष्ट्राशी निकटचे नाते आहे. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संघटना १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा संमत झाला. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक करण्यात आला. बाटल्यांच्या जाहिरातीस या कायद्याने मनाई आहे.

मराठी घरांतील जुनी रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आईचे दूध अपुरे पडल्यास वरचे दूध चोच असलेल्या लहान भांड्याने, म्हणजे बोंडल्याने, किंवा वाटीचमच्याने पाजले जाई. त्यात चोखण्याचा भाग नसल्याने त्याचे सवयीत रूपांतर होत नसे आणि स्वच्छ करावयास बोंडले बाटलीपेक्षा सोपे असे. चोखणीही नवी नाही. कातारी लोक लाकूड कातून व त्यावर लाखेचे रंग चढवून ती करीत. रंगीत लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली सावंतवाडी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती, त्यानंतर ती नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली. लाकडी चोखणी दात येताना हिरड्या शिवशिवत असता चावण्यासाठी दिली जाई. ती कठीण असून तोंडातून सहज निसटते व झोपेत तोंडात राहत नाही, त्यामुळे तिचा मिळणीवर परिणाम संभवत नाही. मऊ रबराची, ढालीसारखी चकती असलेली आधुनिक चोखणी रात्रभर तोंडात राहू शकते. फडक्याच्या पुरचुंडीत खडीसाखर बांधून ती चोखावयास देण्याची प्रथा मात्र घातकच म्हटली पाहिजे. साखरेने दात किडतात आणि पुरचुंडी सुटल्यास खडा घशात अडकू शकतो. चोखणीस मध लावणेही वर्ज्य होय, कारण वर्षाच्या आतील बालकास मधातील जंतूंपासून गंभीर विषबाधा होऊ शकते.

रबरी चोखणीची एक बाजू येथे सांगणे आवश्यक आहे. झोपेत अर्भकाचा अचानक मृत्यू होण्याचा धोका तिच्या वापराने कमी होतो असे दिसून आल्यावरून अमेरिकन बालरोगतज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये, स्तनपान नीट सुरू झाल्यानंतर, झोपेच्या वेळी चोखणी देण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये चोखणी पूर्णतः टाळण्याऐवजी तिच्या धोक्यांविषयी मातेस समजावून सांगण्याचे धोरण स्वीकारले. पहिल्या वर्षातील चोखणीचा दातांच्या दृष्टीने बाऊ करण्याचे कारण नाही. ती पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत चालू राहणे हा खरा प्रश्न आहे.

निदान व उपाय : मुलाचे हातच पुष्कळदा निदान करून देतात. चोखलेला अंगठा इतर बोटांपेक्षा स्वच्छ, पांढुरका व सुरकुतलेला असतो, त्याचे नख झिजलेले असते आणि पाठीवर घट्टा पडलेला दिसतो. दंतवैद्य दिवसातील वेळा, झोपेतील सवय, तिच्या आधी घडणारे प्रसंग आणि घरच्यांनी आजवर केलेले उपाय यांची चौकशी करतो. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा असतो, कारण पुष्कळ घरांत तोवर अनेक उपाय होऊन गेलेले असतात. कडुनिंबाचा किंवा कोरफडीचा कडू लेप अंगठ्यास लावणे, मिरची चोळणे, हात बांधून ठेवणे, चारचौघांत हसणे, धाकट्या भावंडाशी तुलना करणे हे त्यांतील नेहमीचे. कडू चवीचा उपाय, मुलाला स्वतःला सवय सोडावयाची असेल तर, आठवण म्हणून थोडाफार उपयोगी पडतो. मिरचीने डोळ्यांना इजा होऊ शकते. भीती किंवा अपमान यांमुळे मूल अस्वस्थ होते आणि अस्वस्थ मूल पुन्हा अंगठ्याकडेच वळते. शिक्षेने सवय लपते, सुटत नाही.

तीन वर्षांखालील मुलाच्या सवयीकडे दुर्लक्ष करणे, त्याचे हात खेळात गुंतविणे व झोपताना जवळ कोणी असणे एवढे पुरते. चार-पाच वर्षांच्या मुलास आरशात त्याचे दात दाखवून समजावता येते. अंगठा न चोखलेल्या दिवसाची दिनदर्शिकेवर खूण करणे व आठवड्याच्या खुणा पुऱ्या झाल्यावर लहानसे बक्षीस देणे हा उपाय पुष्कळदा यशस्वी होतो. रात्रीच्या सवयीसाठी अंगठ्यास चिकटपट्टी लावतात किंवा कोपराभोवती लवचिक पट्टी सैलसर गुंडाळतात. हात तोंडाकडे जाताना पट्टीचा ताण जाणवतो व मूल स्वतः भानावर येते. ही साधने मुलाच्या संमतीने, आठवणीसाठी वापरावयाची असतात.

पुढचे कायमचे दात येण्याच्या सुमारासही सवय टिकून असेल, तर वरच्या दाढांवर बसविलेल्या कड्यांना जोडून टाळूवर तारेची जाळी लावतात. अंगठा टाळूस न लागल्याने चोखण्यातील समाधान नाहीसे होते. सवय लवकर सुटली तरी जाळी काही महिने ठेवावी लागते. १९९१ मध्ये अमेरिकेत हॅस्केल व मिंक यांनी सुचविलेल्या साधनात जाळीऐवजी जिभेने फिरविता येणारे लहानसे रूळ असते व मुलाला ते शिक्षेसारखे वाटत नाही. वरची कमान अरुंद असल्यास ती रुंदावणारे साधन वापरावे लागते. हाडांची वाढ चालू असेपर्यंत हे काम सुलभ असते.

सवय वेळीच सुटल्यास दात आपण होऊन किती सुधारतात हे समजून घेणे उपयुक्त आहे. कायमचे पटाशीचे दात येण्यापूर्वी किंवा ते येत असताना सवय सुटली, तर उघडी मिळणी पुष्कळदा काही महिन्यांत उपचारांविना मिटते. पुढे आलेले दातही, खालचा ओठ मागे अडकत नसेल तर, ओठांच्या दाबाने थोडे मागे येतात. दहा-बारा वर्षांनंतर हा लाभ क्वचितच मिळतो. मग दीड-दोन वर्षे दातांवर तारा बसवून, दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करीत उपचार करावे लागतात.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हा फरक व्यवहारात फार मोठा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील फक्त सु. १६ टक्के लोक नागरी भागात राहत होते. उरलेली वस्ती डोंगरउतारांवर व खाड्यांच्या काठी विखुरलेल्या वाड्यांत आहे. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कामासाठी मुंबईस जात असल्याचे हे चिन्ह होय. मुलांचे संगोपन पुष्कळ घरांत आई व आजी यांच्याकडेच असते. जिल्ह्यात खेड येथे योगिता दंतवैद्यक महाविद्यालय असून मोठ्या गावांतून खाजगी दंतवैद्यही आहेत. तथापि राजापूर किंवा लांजा तालुक्यातील कुटुंबास खेडला जावयाचे, तर जवळजवळ सारा जिल्हा ओलांडावा लागतो. दर महिन्यास एक दिवसाची मजुरी बुडवून, मुलाची शाळा चुकवून असा प्रवास दोन वर्षे करीत राहणे अनेकांना झेपत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारात दात पुन्हा मूळ जागी सरकतात आणि झालेला खर्चही वाया जातो. याउलट चौथ्या-पाचव्या वर्षी सवय सोडविण्यास आजीचे लक्ष, एक दिनदर्शिका व थोडा धीर यांपलीकडे सहसा काही लागत नाही.

शासकीय यंत्रणेत अशी मुले वेळेवर हेरण्यास वाव आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. तपासावयाच्या विकारांत दंतक्षयाचा समावेश आहे. मुलाचे तोंड त्यासाठी उघडावयाचेच असल्यामुळे ‘दात मिटून दाखव’ एवढे सांगितले, तर पुढची फट व दाढांची उलट मिळणी अर्ध्या मिनिटात दिसते. अंगणवाडीचे वय तीन ते सहा वर्षांचे असते आणि या सवयीच्या बाबतीत निर्णायक ठरणारी वर्षे हीच आहेत.